तुमची लाल चिंधी

अहो,

पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नाही. पण आज तुमच्या त्या टिटवीपायी भर वैशाखात बडोद्याजवळच्या सावली तालुक्यातल्या शेतात उभी राहून आले. हे तुम्हाला नाही तर कुणाला सुनावू?

काल रमणभाईंचा फोन आला. "बेन, टिटोडीए ईंडां मूक्यां छे. काले ट्रॅक्टर आवशे. साहेब तो नथी..." टिटवीनं अंडी घातलेली, उद्या ट्रॅक्टर येणार, आणि साहेब नाहीत.

शाळेतून निवृत्त झालात आणि दर रविवारी स्कूटर बडोद्याबाहेर! रमणभाईंच्या शेतात टिटवीची अंडी शोधायची, शेजारी काठी रोवून लाल चिंधी बांधायची, म्हणजे ट्रॅक्टर तेवढी जागा सोडून जाईल. आणि चिंधी कुठली? माझ्या साडीची! तीन साड्यांचे पदर फाडलेत. एकदा तरी विचारायचं होतं ना?

"तू पण चल," म्हणायचात. मी म्हणायचे, "उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या बिनडोक पाखरासाठी मी नाही उन्हात रापायची." ते मात्र आता लागतं मनाला.

आज गेले. पिशवीत चिंधी होतीच. शेत कसलं, परात! बांध नाही, पडीक तुकडा नाही. टिटवीनं जावं कुठे? रमणभाई म्हणाले, "बळद तो जोईने पग मूके, बेन. ट्रॅक्टरने आंख क्यां छे?" खरंच, बैल बघून पाय टाकायचा; ट्रॅक्टरला डोळे कुठले?

मी चिंधी काढली तर त्यांनी हातच जोडले. "ए रहेवा दो. कागडा शीखी गया छे." लाल चिंधी दिसली की कावळे नेमके तिथेच उतरतात म्हणे! टिटवी अजून बैलांच्याच काळात राहते, आणि कावळे तुमची खूण ओळखायला शिकले.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"साहेबने दुःख थाय."

घ्या! तुमच्या वहीत दर वर्षी एकच नोंद: 'कावळ्यांनी अंडी नेली. टिटवी वेंधळी.' वेंधळं कोण हो? जन्मभर मुलांना निरीक्षण शिकवलंत, आणि आपल्याच काठीवर कोण बसतं ते पाहिलं नाहीत! इतकी चिडले मी. आणि चिडून बोलायला समोर तुम्ही नाही, त्याचा राग वेगळाच.

मग काय करणार? छत्री उघडून मीच उभी राहिले अंड्यांपाशी. ट्रॅक्टर मला वळसा घालून गेला. टिटवी डोक्यावर ओरडत होती, मी तुमच्यावर ओरडायचे तशी. मी बाजूला झाले, तेव्हा तुरुतुरु येऊन अंड्यांवर बसली. खूण काही ठेवली नाही.

पेरणीपर्यंत पिल्लं निघाली नाहीत, तर पुन्हा जाईन. पुढच्या वर्षीही जाईन, गुडघे साथ देतील तोवर. तुमच्याच वहीत लिहीन, आणि साडी अख्खी नेसून जाईन.

आले बरं का, एकदाची.

तुमची,
सुमन