तिसऱ्या राउंडात शबाना

प्रिय बाबा,

येत्या रविवारी माझी आणि शबानाची लढत आहे. राज्य स्पर्धेला आपल्या जिल्ह्यातून एक्कावन्न किलोला एकच मुलगी जाणार, आणि आम्ही दोघीही चॅम्पियन. मी एक्कावन्नची, ती अठ्ठेचाळीसची. यंदा तिचं वजन वाढलं म्हणून माझ्या गटात आली. चिखलीत जो तो अंदाज सांगत सुटलाय. मीही माझा मांडायला बसले, तर दर वेळी मध्ये तुमचा येतो. म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं. तुम्हाला जाऊन सदतीस दिवस झाले, आणि त्याआधीचे नऊ दिवस मी तुमच्याशी बोलतच नव्हते.

मार्केट यार्डात तुम्ही मापारी. शेतकऱ्याची तूर, सोयाबीन काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं. पण काट्याआधी तुम्ही गोणीला नुसता हात लावून आकडा सांगायचे आणि काटा तुमच्या मागून यायचा. मलाही तेच. लहानपणी काखेत हात घालून उचलायचे आणि म्हणायचे, “सव्वीस. वरतून पावशेर. आज भाकर दाबून खाल्ली हिनं.” पुढं स्पर्धेच्या सकाळी आमचे सर वजनाचं मशीन शोधत फिरायचे, मी मात्र तुमच्यासमोर येऊन उभी राहायचे. कधी चुकलात? मला तरी आठवत नाही.

बॉक्सिंगमधलं तुम्हाला शून्य कळायचं. जॅब आणि हूक यांतला फरक शेवटपर्यंत शिकला नाहीत, दोन्हीला ‘ठोसा’च म्हणायचे. तरी कडेला बसून निकाल सांगायचे. खामगावला एक उंच मुलगी दोन राउंड पुढं होती, आणि तुम्ही म्हणालात, “हे आता हारन.” हरली. काऊन, असं विचारलं तर म्हणे, “स्टुलावर बसली कशी ते पाह्यलं नाही का तू? गोणी टेकवली का समजते किती भरली हाय.” मग यार्डातल्या चहाच्या टपरीवर लोक तुम्हाला विचारायलाच येऊ लागले. मापाऱ्याचा शब्द म्हणजे काटा, म्हणायचे.

आणि मग तो दिवस. यार्डातले हमाल नामदेवकाका यांनी विचारलं, “काय भाऊ, आपली मयुरी का मेहकरची शबाना?” मी सायकल लावून तिथंच उभी होते, तुम्ही मला पाहिलंही होतं. तरी तुम्ही सावकाश चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणालात, “शबाना. तिसऱ्या राउंडात.”

हसला नाहीत, डोळा मिचकावला नाहीत. टपरीवरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सायकल काढली आणि घरी आले.

आई म्हणाली, “दृष्ट लागू नये म्हून म्हनले असतीन. आपल्या लेकराले चारचौघांत कोनी चांगलं म्हनते का?” तसं असतं तर मला चाललं असतं. पण तो तुमचा स्वभाव नव्हता. गोणी सख्ख्या भावाची असली तरी तुम्ही अर्धा किलो वर कधी पुकारला नाही. त्यावरून काका वर्षभर तुमच्याशी बोलले नव्हते. मग मीही बोलले नाही. घराण्याची रीत म्हणा.

नऊ दिवस तुम्ही रोज संध्याकाळी विचारत होता, “किती भरलं आज?” आणि मी आईला म्हणायचे, एक्कावन्न दोनशे सांग त्यांना. तुम्ही समोरच बसलेले. तुम्हाला न विचारताही कळत होतं ना? मग कशाला विचारत होता? माझा आवाज ऐकायला विचारत असाल, हे मला तुम्ही गेल्यावर सुचलं. लाज वाटते त्याची. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

दहाव्या दिवशी तूर मापता मापता तुम्ही गोण्यांच्या थप्पीला टेकून बसलात आणि उठलाच नाहीत. मी सरावाला होते. फोन सरांनी घेतला. पुढचं तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही. लोक खूप आले होते.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी शबाना आली, सोबत तिचे अब्बा. मेहकरला गाद्या भरतात ते. आईजवळ बराच वेळ बसली. निघताना फाटकापाशी मला म्हणाली, “काका आमच्या इथं आले होते, तुले माहीत हाय का?”

मला कुठं माहीत! मी विचारलं, कधी?

“टपरीवर बोलले ना, त्याच्या आधी. घंटाभर माझी प्रॅक्टिस पाहत बसले. अब्बानं विचारलं, कैसी लगी हमारी लडकी? तर म्हने, चांगली हाय, पन एक खोट हाय हिच्यात, मले दिसली.”

“कोणती?”

“तेच तर नाही सांगतलं ना! मी लय मागं लागली. म्हने, तुलेही सांगनार नाही आन् माह्या पोरीलेही सांगनार नाही. मापारी शेतकऱ्याचाही नसते आन् घेनाऱ्याचाही नसते.”

बाबा, हे मात्र अति झालं. तुम्हाला शबानाची खोट दिसली होती आणि ती तुम्ही बरोबर घेऊन गेलात? यार्डात ठीक आहे, तिथं तुम्ही दोघांच्या मध्ये उभे. घरात कोणता काटा मांडला होता? एक वाक्य फक्त. चपला घालता घालता पुटपुटला असता तरी पुरलं असतं. मी बोलत नव्हते, पण कान तर बंद नव्हते.

शबानाचं दुखणं वेगळंच. म्हणाली, “तू जिंकली तर सारे म्हनतीन, काकानं पोरीले सांगून ठेवलं होतं. आन् मी जिंकली तर म्हनतीन, काकाचं खरं झालं. माह्यं नाव त कोनीच घेनार नाही.” आणि आम्ही दोघी हसलो. तुमची तेरवी होऊन दोन दिवस झाले होते आणि मी फाटकाशी उभी राहून हसत होते. तुम्ही रागावला नसता.

तर माझा अंदाज ऐका. तुमच्यासारखा दोन शब्दांत बसत नाही. शबाना डावखुरी, हात लांब, त्यामुळं पहिला राउंड तिचा. दुसऱ्यात मी आत शिरून बरगडीवर मारते, तो माझा. तिसऱ्यात मी दमले की माझा उजवा हात हनुवटीवरून खाली घसरतो. तुम्ही तेच पाहिलं असणार. सर दोन वर्षं ‘हात वर, हात वर’ म्हणून ओरडतायत, पण ते माझ्या डोक्यात शिरलं तुम्ही टपरीवर तसं बोललात तेव्हा. आता रोज शेवटचा राउंड उजवी मूठ गालाला चिकटवून नुसत्या डाव्यानं खेळते. खांदा भरून येतो. तरी परवा एकदा हात घसरलाच. शबानाची खोट काही सापडली नाही. तिच्या लढतींचे व्हिडिओ पाहून पाहून पाठ झाले. स्टुलावर कशी बसते तेही पाहिलं. चांगली बसते.

म्हणजे कागदावर आजही तुमचंच खरं आहे.

पण अडचण ती नाही. टपरीवर आता तुमचा फोटो लावलाय. रोज कोणी ना कोणी म्हणतं, भाऊंचा एक अंदाज बाकी हाय, रविवारी समजन. परवा नामदेवकाकांनी मला थांबवलं. म्हणाले, “मयू, वाईट नको मानू माय. पन भाऊचं आखरीचं बोलनं खरं व्हावं असं वाटते मले.” डोळे भरले होते त्यांचे. यार्डातली माणसं मी हरायची वाट बघतायत, तीही तुमच्यावरच्या मायेपोटी. आई देवाजवळ काय मागते, ते मी विचारलेलं नाही.

आणि खरं सांगू? मलाही कधी कधी तसंच वाटतं. हरले तर तुम्ही शेवटपर्यंत चुकला नाहीत असं लोक सांगत राहतील, आणि ते माझ्यामुळं झालेलं असेल. नऊ दिवसांची थोडी भरपाई होईल. हे फार सोपं आहे, बाबा. तिसऱ्या राउंडात पाय जड झाले की नेमकं हेच मनात येणार, याची मला शबानापेक्षा जास्त भीती वाटते.

म्हणून आजच शब्द देते. हात खाली येऊ देणार नाही. दमल्यामुळं नाही आणि तुमच्यासाठी तर नाहीच. तुमचा शब्द कधी खोटा पडला नाही, लोकांजवळ तुमचं एवढंच उरलंय, आणि तेही मी काढून घ्यायला निघाले आहे. नामदेवकाकांना वाईट वाटेल. मला त्यांच्याहून जास्त वाटेल. तरी घेणार.

तुम्हाला खोटं पाडायला निघालेली,
तुमचीच
मयू