तीन नंबर आणि पाच नंबर

१० ऑगस्ट १९९२, सोमवार
वहीबाई, माफ कर. आठ दिवस तुला हात लावला नाही. लिहिलं की खरं होईल, ही भीती!

आमच्या नर्सिंग होममध्ये तीन नंबरच्या खाटेवर मलेरियाचे हसमुखभाई, पाचवर हर्नियाचे दशरथ. हसमुखभाईंना पंख्याखाली हुडहुडी, दशरथला कोपऱ्यात उकाडा. मी वॉर्डबॉय — वय एकसष्ट, तरी बॉयच! — दोघांची अदलाबदल केली. सांगायचं राहिलं.

गेल्या सोमवारी सकाळी सिस्टर हंसाने पाच नंबरची ऑपरेशनसाठी कमरेखालची हजामत केली. टेबलावर मोठे डॉक्टर हर्निया शोधतायत!
"मेरे को तो मलेरिया है!"
"मग हजामत का करू दिलीत?"
"लगा, नया इलाज होगा!"
मला हसू फुटलं. तेवढ्यात मोठे डॉक्टर ओरडले, "हंसा, उद्यापासून घरी बस!"
खरं न सांगता मी ट्रॉली ढकलत बाहेर सटकलो.

११ ऑगस्ट
डॉक्टरांची मुलगी सुचेताताई हल्ली कारभार बघते. तिने सगळ्यांना बसवून चहा दिला. मला धडकीच — इथे चहा फक्त निरोप समारंभाला मिळतो! कोरी वही पुढे ठेवून म्हणाली, "झालेली चूक या वहीत लिहा. नाव नको. शिक्षा नाही."
मोठे डॉक्टर दारातूनच, "शाळा काढलीस का? माणसं धाकाने चालतात!"

१३ ऑगस्ट
चुकांची वही कोरी. चारदा बघून आलो.
मंदा करवादली, "अहो, लिहून टाका! येरझाऱ्यांनी फरशी झिजली." बायकोला काय जातंय? चौथी पास मी एकटाच. अक्षरावरून पकडतील.

१४ ऑगस्ट
डाव्या हाताने लिहिलं — 'पेशंट मी बदलले. हंसाची चूक नाही.' खाली सवयीने सही ठोकली! खोडली. आता जास्तच दिसते.

१७ ऑगस्ट
माझ्याखाली दोन ओळी. मोठ्या डॉक्टरांचं अक्षर! ते फक्त हंसाला लागतं. वॉचमन म्हणतो, "'काढून टाका' असं दिसतंय, मामा."
ओळी जशाच्या तशा गिरवून मंदाला पेणकरपाड्यात हंसाकडे धाडलं. पोरी, काय असेल ते लवकर कळव ग!

१८ ऑगस्ट
कागद वाचून हंसा थेट ड्युटीवरच हजर! ओळी अशा — 'अठरा वर्षं मी खाटेचा नंबर विचारला, पेशंटचं नाव कधीच नाही. हंसाला बोलवा.'

राउंडला डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी, "आपलं नाव?" शेवटी माझ्यापाशी थांबले.
"मामा, तुमचं?"
अठरा वर्षांत पहिल्यांदा! घाबरून मला आठवेचना.