थकव्याची काचपट्टी

४ तारीख
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. माझ्या हद्दीत तीन वर्षं हिवतापाचा रुग्ण निरंक, म्हणून अकरा तारखेला मला आरोग्य खात्याची ढाल मिळते आहे. माशी शिंकली ती एवढीच, की एक तारखेला आणि काल, दुपारी तीनला, हुडहुडी भरून ताप आला आणि घाम फुटून उतरला. आमच्या कचेरीत अशा तापाला थकवा लिहायचं ठरलेलं आहे. पण तुझी वहिनी ऐकेना, म्हणून आज ताप नसल्याचं बघून रक्ताची काचपट्टी पाठवतो आहे. तुझ्या प्रयोगशाळेचा निरंक असा कागद धाड.
तुझा दादा

६ तारीख
ती. दादास,
साष्टांग नमस्कार. अधिकारी झालास आणि शिकलेलं विसरलास. ताप नसतो तेव्हाच हिवतापाचे जंतू तांबड्या पेशीत निवांत जेवत असतात. एक जंतू टोक टेकवून आत शिरतो, पेशीचंच आवरण अंगावर ओढून घेतो, आतलं खातो आणि एकाचे पंधरा-वीस होतात. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. दोन दिवसांनी पेशी फुटतात, तोच तुझा थकवा. बाहेर पडलेला जो तो लगेच नवी पेशी गाठतो.
तुझ्या काचपट्टीवर ते बोटातल्या अंगठ्यांसारखे बसलेले दिसले तेव्हा तिच्यावरचं नाव मी पुन्हा वाचून पाहिलं. काल आलाच असेल; उद्या दुपारी तीनला पुन्हा ताप येईल. मग नऊ तारखेला. मग अकरा तारखेला, ढाल हातात असताना. गोळ्या सुरू कर.
तुझी धाकटी

८ तारीख
चि. धाकटीस,
काल बरोबर तीनला आला. पण गोळ्या आणू कुठून? रुग्ण निरंक म्हणून सगळा साठा मीच परत पाठवला, त्याची शाबासकीही मिळाली. तूच पाठव. नोंद मात्र बाहेरगावचा पाहुणा अशी कर.
तुझा दादा

९ तारीख
ती. दादास,
गोळ्या पाठवल्या आहेत. तीन वर्षांत तू गावाबाहेर पाऊल टाकलं नाहीस, पाहुणा कसला? नोंदवहीत स्वतःचं नाव लिही, नाहीतर काचपट्टी घेऊन मीच कार्यक्रमाला येईन. रागाने लिहिते आहे, कारण भीती वाटते. मला भाऊ एकच आहे.
धाकटी

१२ तारीख
चि. धाकटीस,
परवा गोळ्या घेतल्या आणि रुग्ण क्रमांक एक म्हणून माझं नाव लिहिलं. ढाल गेली. आज सकाळी आमचा चौकीदार आला आणि विचारू लागला, साहेबांचा थकवा जर हिवताप, तर दोन वर्षं येतो-जातो तो त्याचा थकवा काय? त्याच्या मागून एकेक येत गेले. आत्ता बाहेर बाकावर सतरा जण बसले आहेत. सगळ्यांच्या कागदावर माझ्याच अक्षरात थकवा लिहिलेलं आहे.
तू एकाच माणसाच्या गोळ्या पाठवल्या होत्यास. माझ्यावरचा लोभ कमी झाला तरी चालेल, गोळ्या कमी पाठवू नकोस.
तुझा दादा