संपादकबाईंचा फोन आला होता

ऐक,

तू ऑफिसातून यायच्या आत मी चिमीला घेऊन माझ्या आईकडे जातोय. रविवारी परत येऊ. चिमीचा ताप उतरलाय. भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

काल तू तिचं औषध आणायला गेलीस तेव्हा संपादकबाईंचा फोन आला होता. कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं सोमवारपर्यंत हवीत म्हणाल्या. मी सांगून टाकलं, "ती लिहिणं सोडतेय. घर आणि कादंबरी, दोन्ही झेपत नाही तिला." त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना? मग मी दुसऱ्या कुणाचं पुस्तक घेते." मी म्हटलं, नक्की.

लगेच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. परवा तूच रडत म्हणालीस ना, "दोन्हीकडे मी अर्धीच पडते, एक काहीतरी सोडायला हवं"? कोणतं, ते तुझ्याच्याने ठरत नव्हतं. मी ठरवलं.

तुझं टेबल चिमीच्या खोलीत सरकवलंय. ती म्हणाली, "मग आई कुठे लिहिणार?" आई आता लिहिणार नाही म्हटल्यावर पोरीने टाळ्या वाजवल्या. खोटं वाटत असेल तर रविवारी तिलाच विचार.