हलायचं नाही

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे. तुझं उत्तर बाबांना वाचून दाखवता येतं. फोनवर त्यांच्या गप्प राहण्यापुढे तूच गडबडतोस.

तर तुझी ताई शेहेचाळिसाव्या वर्षी शिंगं मोडून वासरांत शिरली आहे. हसून घे. आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लास असतो. कॉम्प्युटरला बघायला शिकवायचं आणि त्याने जे पाहिलं त्यावर दिवा लावायचा, घंटा वाजवायची, असलं काहीबाही. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान आहे. प्रोग्रॅममधला अर्धविराम विसरले म्हणून तिची दर वेळी बोलणी खाते.

कॅमेऱ्यातलं चित्र म्हणजे नुसते आकडे असतात. आत्ताच्या चित्रातून क्षणापूर्वीचं चित्र वजा करायचं. काही हललं नसेल तर बाकी शून्य. हललं असेल तर बाकी उरते आणि घंटा वाजते. एवढं जमायला मला सहा आठवडे लागले.

हा खटाटोप कशासाठी, ते तुला माहीत आहे. बाबांना सांभाळणाऱ्या बाई महिनाअखेर काम सोडताहेत. साहेबांनी मला घरून काम करायची परवानगी दिली, पण झटका आल्यापासून बाबांना हाक मारता येत नाही. दर दहा मिनिटांनी त्यांच्या खोलीत डोकावले तर माझं काम बोंबललंच. डावा हात हलतो, पण हातात घंटा दिली तर निसटते, बटणावर बोट नेमकं बसत नाही. त्यांनी नुसता हात हलवावा आणि माझ्या खोलीत घंटा वाजावी, एवढंच मला हवं होतं. नाहीतर तू म्हणतोस ती आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी संस्था आहेच.

क्लासमध्ये कुणीही हात हलवला की घंटा वाजली. घरी बाबांसमोर कॅमेरा मांडला, हात हलवा म्हणून दहादा सांगितलं. ते ताठ बसून राहिले, पापणीही लवू दिली नाही. डॉक्टर म्हणालेच होते की समज किती उरलीय ते सांगता येत नाही. मला रडू आलं. मग उठून भांडी घासली.

आता बोटं दुखताहेत, थांबते. आठवण ठेव.

तुझी ताई

*

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वजाबाकीत हातचा विसरणारी माझी ताई कॉम्प्युटरला वजाबाकी शिकवते आहे, हे वाचून धन्य झालो. पण ताई, तुझं अक्षर फार थकलंय. घंटेचा नाद आता सोड. संस्थेचा फॉर्म सोबत पाठवतोय. लांब राहून शहाणपण शिकवतोय हे मला कळतं, पण तूही अंथरुणाला खिळलीस तर दोघांना कोण बघणार?

फॉर्मवर बाबांचा फोटो तेवढा लाव. गंमत बघ, जन्मभर लोकांचे फोटो काढले, पण त्यांचा स्वतःचा एकही धड फोटो आपल्याकडे नाही. स्टुडिओत आपल्याला स्टुलावर बसवून, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून कसे दरडावायचे, हलायचं नाही म्हणून! मी हललो आणि फोटोत मला दोन नाकं आली. त्यावर खाल्लेला मार अजून आठवतो.

हा भाग त्यांना वाचून दाखवू नकोस. तुझ्या तब्येतीला जप, राग धरू नकोस.

तुझा धाकटा

*

२३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नको म्हणालास तोच भाग आधी वाचला. दोन नाकांपाशी बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. आणि माझी ट्यूब पेटली. अरे, कॅमेऱ्यासमोर हलायचं नाही, हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं. मी समोर कॅमेरा मांडला आणि वर म्हणतेय हला! त्यांची समज शाबूत होती, अक्कल माझी गहाण होती.

माळ्यावरून जुन्या कॅमेऱ्याचा रबरी फुगा काढला, फोटो घेताना ते दाबायचे तो. त्याच्या नळीच्या तोंडाशी, हवा बाहेर येते तिथे, लाल कागदाची पट्टी चिकटवली. कॉम्प्युटरचा कॅमेरा बाबांच्या खांद्यामागे ठेवला, तोंड खोलीकडे. पट्टी चित्राच्या कोपऱ्यात येते आणि माझा प्रोग्रॅम तेवढाच कोपरा बघतो. फुगा हातात दिला, तर मी काही सांगायच्या आत दाबला. पट्टी फडफडली आणि घंटा वाजली.

काल मात्र त्यांनी वात आणला. मी त्यांच्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, तरी घंटा. पाणी नको, पाठ टेकायची नाही, पुन्हा घंटा. अकरा वेळा! मी समोरच उभी आहे ना, म्हणून खेकसले. ते शांतपणे खिडकीकडे बघत राहिले. बाराव्या घंटेनंतर फुगा मांडीवर ठेवून झोपी गेले.

घंटा वाजते त्या क्षणाचं अख्खं चित्र जपून ठेवायला मी प्रोग्रॅमला सांगितलं आहे, चूक सापडावी म्हणून. संध्याकाळी ती बाराही चित्रं बघितली. अकरांत मी आहे, पण कुठे डोकं कापलेलं, कुठे पाठमोरी. बाराव्यात खिडकीचा उजेड एका गालावर आलाय, हातात टॉवेल आहे, आणि मी बरोबर मधोमध आहे. खूप दमलेली दिसते रे मी. पण इतका चांगला फोटो माझा कधी निघाला नव्हता.

तो सोबत पाठवतेय. फॉर्मही परत पाठवतेय, कोराच. रजा काढून दोन दिवस ये. आलास की आधी बाबांसमोर बसायचं आहे, आणि या वेळी हलायचं नाही.

तुझी ताई