रापणीला माणसं कमी पडतात

१७ ऑक्टोबर
बेंगळुरूच्या संशोधन संस्थेची मुलाखत झाली, घरूनच, ऑनलाइन. नेट दोनदा गेलं! तिथल्या बाईंनी सुरुवातीलाच विचारलं – तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात पंप बसवत होता, मग गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास कशाला?
मी पंपांचीच गोष्ट सांगितली. सगळे नवे, एकेक तपासलेला. एका लाइनवर जोडले आणि अख्खी लाइन थरथरायला लागली. आम्ही पंप पुन्हा पुन्हा खोलत बसलो. दोष कुठल्याच पंपात नव्हता – ते एकमेकांना जे करत होते त्यात होता. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही, म्हटलं. नोकरी त्यासाठीच सोडली.
बाई नुसतं "हं" म्हणाल्या.
नाहीच होणार.

२३ ऑक्टोबर
गंगूकाकांनी रापण सोडली. रापण म्हणजे सगळ्या वाडीचं मिळून एक जाळं. होडीतून समुद्रात गोल टाकायचं, दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, मासळी वाटून घ्यायची. बाबा तिचे प्रमुख.
"हात चलनत नाय रे दाजी," काका बाबांना म्हणाले. मुलाने त्यांना रिसॉर्टवर वॉचमन म्हणून लावलंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी चहा तेवढा दिला.

२ नोव्हेंबर
एक गेला की उरलेल्यांना दोर जड. जड झाला की पुढचा जातो. त्यात बाहेर दिवे लावून मासळी उचलणाऱ्या बोटी – किनाऱ्याला येतंय काय? सगळ्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल मांडलं. कितीही वेळा चालवा, तेच. रापण बरेच दिवस तग धरते, मग एकदम बसते.
चुलतभाऊ निकेत मागे उभा होता.
"काय दिसता?"
"टिकत नाही."
"मगे उपाय?"
"माहीत नाही."
"मगे शिकलंस कित्याक?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होता!

११ नोव्हेंबर
मीही दोराला लागले. तळहात सोलले. आईने खोबरेल लावलं.

१९ नोव्हेंबर
निवड झाली! बेंगळुरूहून फोन.
घरात सांगितलं नाही. आता दोरावर एक माणूस कमी झालेलं चालणार नाही. नकार कळवायचा. निकेतला सांगून बसले – का सांगितलं?

२४ नोव्हेंबर
जाळं अर्ध्यावर अडकलं. पलीकडच्या दोराला माणसं पुरेनात. बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ओरडत होते. मी टाचा वाळूत रोवल्या तरी दोर मलाच पाण्याकडे नेत होता. शेवटी बाबाच म्हणाले, "सोडा."
आजवर त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. जाळं फाटून आलं. आत शेवाळ.

२५ नोव्हेंबर
निकेतने सांगितलंच. जेवताना बाबांनी विचारलं, "बेंगळुरूक कधी जातलंस?"
"नाही जात. माणसं कमी आहेत."
"दोर वढूसाठी शिकवलंय मी तुका?"
"जाळं शिवू ना आपण. मी आहे."
बाबा माझ्या हातांकडे बघत राहिले. ताट तसंच ठेवून उठले.
सकाळी नकार पाठवते. जीव लागत नाही कशात.

२६ नोव्हेंबर
उठले तर बाबा नाहीत. पहाटे गोव्याला गेले – दिवेवाल्या बोटीवर, खलाशी म्हणून. या वयात! त्या बोटीवर!
आईजवळ निरोप ठेवलाय – "तिका सांग, रापण मोडली. आता तुका हयसर रवाक कारण नाय."
होकार कळवला. आई सकाळपासून जेवलेली नाही.