भोकरची शिट्टी, उदगीरचा ट्रक

उदगीर

सौ. अक्कास दामिनीचे शरणार्थी, नमस्कार.

तू, दाजी आणि तुझ्या सासूबाईंचे गुडघे खुशाल असतील अशी आशा. इकडं अप्पा ठीक, मी ठीक, ट्रक नदीत आहे. फोन रोजच होतो, तरी पत्र लिहितेय. फोनवर रडले की तुला लगेच कळतं.

तुझ्या लग्नाआधी आपण एकाच खाटेवर बसून ट्रकचा खेळ खेळायचो. मी चालवायची आणि तू ओरडायचीस (आपल्या चॅनलवरची साठ माणसं तुझं ओरडणं ऐकायलाच येतात, माझं चालवणं बघायला कोणी येत नाही). आता तू भोकरहून व्हिडिओ कॉलवर खेळ बघत बोलतेस. माझ्या रेकॉर्डिंगात कॉलचा आवाज फाटका येतो, म्हणून तू तुझा आवाज तिकडंच वेगळा रेकॉर्ड करून पाठवतेस आणि मी तो चित्राखाली जुळवते. खूण म्हणून सुरुवातीला टाळी वाजवायचं ठरलं होतं. पण तुझ्या टाळीला सासूबाई दरवेळी "कोन आलं गं?" करत बाहेर यायच्या. मग तूच म्हणालीस, माझ्या कुकरची पहिली शिट्टी धर. धरली. फक्त माझ्या रेकॉर्डिंगातली पहिली शिट्टी इकडच्या, आपल्याच कुकरची निघाली (वरण मीच लावलं होतं).

त्यामुळं चॅनलवर टाकलेल्या व्हिडिओत तुझा आवाज अर्धं मिनिट पुढं पळतोय. ट्रक सरळ रस्त्यानं आरामात चाललाय आणि तू किंचाळतेस, "अगं ब्रेक मार की, नदीत चाल्लीस!" ट्रक खरंच बुडतो तेव्हा तू शांतपणे विचारतेस, "झालं समाधान?" खाली एकानं लिहिलंय, ताईंना पुढचं दिसतं का, पोराचा निकाल विचारायचाय. अप्पांनी दुकानात गिऱ्हाईक थांबवून व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, "पोरगी तिकडून वरडून राहिली, अन् तू ऐकून न्हाई राहिलीस." मग हातातलं कापड पुन्हा पहिल्यापासून मापलं.

खेळ संपल्यावर तू रेकॉर्डिंग बंद करायला विसरलीस. बांगड्या वाजल्या, ताट ठेवल्याचा आवाज आला, आणि तू एकटीच म्हणालीस, "जेवली असंल का ती?"

हाव, जेवले. वरण करपलं होतं, तरी जेवले. अक्का, लई आठवण येते.

तुझी,
दामिनी

ता.क. चैत्रापासून तू आलेली नाहीस. दाजींना काय सांगायचं ते सांग, पण पंचमीला ये. खाटेवरची तुझी बाजू मोकळी ठेवलीय (अप्पा बसले की उठवते).

ता.क. २. दोन्ही आवाज आपोआप जुळवायचं बटण मला पहिल्याच आठवड्यात सापडलंय. दाबलं की मिनिटात काम होतं. हातानं जुळवायचं तर तुझा आवाज चाळीस वेळा ऐकावा लागतो, म्हणून दाबत नाही.